.३२ लाँग वॉडकटर: जर्मनीत पिस्तुलाचा परवाना काढताना केलेली काडतुसाची निवड

जर्मनीत खेळासाठी पिस्तूल घ्यायचं तर आधी काडतूस ठरवावं लागतं, पिस्तूल नंतर. 'बेड्युर्फनिस' म्हणजे गरजेचा दाखला. त्याच्या अर्जात हत्याराचा प्रकार, कॅलिबर आणि ज्या स्पर्धाप्रकारासाठी ते हवं आहे त्याचा नियमपुस्तिकेतला क्रमांक, असे तीन रकाने असतात. तिथे लिहाल तेच पुढे परवान्यावर येतं. दुकानात चार पिस्तुलं हातात धरून पाहू आणि मग ठरवू, ही सोय नाही. मत बदललं तर दाखल्यापासून सगळं पुन्हा.

मी .३२ एस अँड डब्ल्यू लाँग वॉडकटर, म्हणजे सपाट तोंडाच्या गोळीचं काडतूस, निवडलं. क्लबात बहुतेकांकडे ९ मिमी असते, काहींकडे .३८ किंवा .३५७ ची रिव्हॉल्व्हरं. .३२ वाले मोजकेच. सप्टेंबर २०२३ मध्ये क्लबात नाव घातलं तिथपासून २०२५ च्या उन्हाळ्यापर्यंतची ही हकीकत आहे. हे काडतूस का घ्यावं, का घेऊ नये, आणि कागदपत्रांच्या कुठल्या टप्प्यावर या निवडीचा परिणाम होतो, हे सगळं एका जागी मराठीत असावं म्हणून लिहिते आहे.

क्लबात जाण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली, जर्मनीतला वास्तव्याचा काळ. किमान पाच वर्षं सलग इथे राहत नसाल तर कार्यालय या एका कारणावर परवाना नाकारू शकतं. नागरिकत्वाची अट नाही, भारतीय पासपोर्ट चालतो, पण पाच वर्षांचा हिशेब आधी करून घ्या. दुसरी, वय. खेळाच्या परवान्याला २१ पूर्ण लागतात. .२२ रिमफायरला, गोळीची ऊर्जा २०० ज्यूलपर्यंत असेल तर, ही अट लागू नाही. शिवाय २५ च्या आतल्या व्यक्तीला .२२ सोडून इतर कॅलिबरच्या पहिल्या हत्यारासाठी स्वखर्चाने मानसशास्त्रीय तपासणीचा अहवाल द्यावा लागतो. .३२ सेंटर-फायर आहे (ठिणगी पाडणारी टोपी पुंगळीच्या बुडाच्या मध्यभागी; रिमफायरला ती सोय कडेत असते), म्हणून ताकदीने कितीही सौम्य असलं तरी कायद्यासाठी ते मोठ्या कॅलिबरच्या बाजूला पडतं. विद्यार्थ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं.

क्लबची वार्षिक वर्गणी दीडशे युरोच्या आसपास होती, प्रवेश शुल्क वेगळं. पहिल्या दिवसापासून 'शिसबुख', म्हणजे सरावाची नोंदवही, ठेवा. दाखल्यासाठी किमान बारा महिने क्लबात परवाना लागणाऱ्या हत्यारांनी सराव झालेला असावा लागतो: दर महिन्याला किमान एकदा, किंवा बारा महिन्यांत एकूण अठरा वेळा. एअर पिस्तूल यात धरत नाहीत, कारण त्याला परवाना लागत नाही. आपल्याकडून येणारे बरेच जण दहा मीटरच्या एअर पिस्तुलाने सुरुवात करतात आणि वर्षभराच्या नोंदी दाखल्यासाठी कामाच्या नाहीत हे उशिरा कळून हिरमुसतात. क्लबची .२२ पिस्तुलं रेंजवर देखरेखीखाली कुणालाही वापरता येतात, त्यासाठी स्वतःचा परवाना लागत नाही. पहिल्या महिन्यापासून तीच वापरा. प्रत्येक नोंदीसमोर तारीख, हत्याराचं कॅलिबर आणि देखरेख करणाऱ्याची सही हवी.

हे बारा महिने वाट पाहण्यात घालवायचे नसतात. काडतूस पारखायला यापेक्षा चांगला काळ नाही. क्लबात .२२, ९ मिमी, .३८ चं रिव्हॉल्व्हर आणि .३२ चं एक जुनं वाल्थर जीएसपी होतं. सगळी हाताळायला मिळाली.

आता काडतुसाविषयी. .३२ एस अँड डब्ल्यू लाँग १८९६ मध्ये स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्व्हरसाठी आलं. त्याच सुमारास थिओडोर रूझवेल्ट न्यूयॉर्कचे पोलीस आयुक्त होते आणि त्यांनी शहराच्या पोलिसांना .३२ ची कोल्ट रिव्हॉल्व्हरं दिली. पुढे पोलीस जास्त ताकदीच्या काडतुसांकडे वळले आणि संरक्षणाचं साधन म्हणून .३२ मागे पडलं. युरोपातल्या नेमबाजांनी मात्र ते उचललं. पुंगळी साधारण २३ मिमी लांब, मागे बाहेर आलेली कड, आणि आत ९८ ते १०० ग्रेनची, म्हणजे सुमारे ६.४ ग्रॅमची, मऊ शिशाची गोळी. वॉडकटर गोळीचं तोंड पूर्ण सपाट असतं आणि ती पुंगळीच्या तोंडाशी समतल बसवलेली असते. काडतूस बाहेरून पाहिलं तर गोळी दिसतच नाही. या सपाट तोंडामुळे कागदावर पंच मारल्यासारखं गोल, स्वच्छ भोक पडतं. गोल तोंडाची गोळी कागद फाडते आणि कडेवरचा शॉट नऊ की दहा याचा वाद होतो.

भारतात .३२ म्हटलं की कानपूरच्या आयुध निर्माणीचं रिव्हॉल्व्हर आठवतं. काडतूस तेच, तिथे त्याला ७.६५ × २३ असंही म्हणतात. सैन्य-पोलिसांच्या ९ मिमी वगैरे काडतुसांना चालणारी हत्यारं सर्वसाधारण परवानाधारकाला मिळत नाहीत, म्हणून तिथे .३२ सर्रास दिसतं. पण ती काडतुसं गोल तोंडाची असतात, आणि स्पर्धेच्या पिस्तुलाचं मॅगझीन फक्त वॉडकटरच्या लांबीचं असतं. गोल तोंडाचं .३२ लाँग त्यात मावतच नाही. खोक्यावर 'वॉडकटर' किंवा 'डब्ल्यूसी' छापलेलं पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. तसंच .३२ एसीपी हे वेगळंच काडतूस आहे, १७ मिमी पुंगळीचं. जर्मन दुकानात त्याला '७,६५ ब्राउनिंग' म्हणतात. आकड्यांच्या या गर्दीत फक्त 'बत्तीस द्या' म्हणून भागत नाही.

ज्या प्रकारासाठी हे काडतूस घ्यायचं तो म्हणजे २५ मीटर सेंटर-फायर पिस्तूल. जर्मन नेमबाजी संघटनेच्या नियमपुस्तिकेत त्याचा क्रमांक २.४५. नळीचा व्यास ७.६२ ते ९.६५ मिमी, मॅग्नम, म्हणजे जास्त ताकदीची, काडतुसं वर्ज्य. पिस्तुलाचं वजन १४०० ग्रॅमपर्यंत, नळी १५३ मिमीपर्यंत, पुढच्या-मागच्या साइटमधलं अंतर २२० मिमीपर्यंत आणि ट्रिगरचं वजन, म्हणजे तो ओढायला लागणारा जोर, किमान १००० ग्रॅम. साठ शॉट्स. पहिले तीस अचूकतेचे, पाच-पाचच्या सहा मालिका, प्रत्येक मालिकेला पाच मिनिटं. उरलेले तीस वेगाचे: लक्ष्य तीन सेकंद समोर येतं, सात सेकंद जातं, आणि प्रत्येक वेळी एकच शॉट. अचूकतेच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ ५० मिमीचं, वेगाच्या लक्ष्यावर १०० मिमीचं.

हा प्रकार ऑलिंपिकमध्ये नाही, पण भारतीय नेमबाजांनी तो गाजवला आहे. मुंबईचे अशोक पंडित १९९० च्या ऑकलंड राष्ट्रकुल स्पर्धेत यात सुवर्ण जिंकले. जसपाल राणा यांनी १९९४ ला हिरोशिमात आणि २००६ ला दोहात आशियाई सुवर्ण घेतलं. दोहातला त्यांचा ५९० गुणांचा स्कोअर तेव्हाच्या विश्वविक्रमाशी बरोबरी करणारा होता.

आता धक्क्याचं गणित. क्लबात सगळे सांगतात, '.३२ ला रिकॉइल कमी.' किती कमी? गोळीचं वजन गुणिले वेग एवढा साधा हिशेब केला तरी चित्र स्पष्ट होतं. .२२ ला २.६ ग्रॅम आणि सेकंदाला सुमारे ३२० मीटर धरले तर ०.८३ येतात. .३२ वॉडकटरला ६.४ ग्रॅम आणि २३० मीटर, म्हणजे सुमारे १.५. .३८ वॉडकटरला ९.६ ग्रॅम आणि २२० मीटर, २.१. ९ मिमीला ८ ग्रॅम आणि ३५० मीटर, २.८. एकक किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. म्हणजे .३२ चा झटका ९ मिमीच्या साधारण निम्मा आणि .२२ च्या पावणेदोनपट.

पण हा फायदा नेमका कुठे मिळतो ते पाहा. वेगाच्या फेरीत तो मिळतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. मला ते पटत नाही. तिथे दर दहा सेकंदांनी एक शॉट असतो, हात खाली आणून पुन्हा वर न्यायला भरपूर वेळ असतो. सात सेकंदांत रिव्हॉल्व्हरचा घोडा अंगठ्याने मागे ओढूनही माणूस तयार होतो. कमी धक्क्याचा खरा फायदा अचूकतेच्या फेरीच्या उत्तरार्धात दिसतो. विसाव्या-पंचविसाव्या शॉटनंतर मनगट थकतं, शरीर धक्क्याची आधीच धास्ती घेतं आणि चाप सुटायच्या क्षणी नळी खाली झुकते. ९ मिमीने हे मला आणि क्लबातल्या बहुतेक नवख्यांना होत होतं, .३२ ने जवळपास नाही. तुमचं मनगट दणकट असेल आणि वर्षानुवर्षं ९ मिमी चालवत असाल तर हा मुद्दा तुमच्यासाठी गौण आहे.

.३८ च्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो: भोक मोठं, म्हणून रेषेला लागण्याची शक्यता जास्त. या प्रकारात तो टिकत नाही. सेंटर-फायरचे वादग्रस्त शॉट मोजायचं मापक सगळ्या कॅलिबरसाठी ९.६५ मिमीचंच असतं. .३२ वाल्याचं भोकही त्याच मापाने मोजतात.

.३८ चा दुसरा मुद्दा मात्र खरा आहे. .३५७ चं रिव्हॉल्व्हर घेतलं तर .३८ वॉडकटर घालून २.४५ खेळता येतं आणि .३५७ रिव्हॉल्व्हरच्या वेगळ्या प्रकारातही उतरता येतं. ९ मिमीचंही तसंच. तिचे स्वतःचे स्पर्धाप्रकार आहेत, जवळपास प्रत्येक क्लबात त्यांच्या फेऱ्या होतात. .३२ ला २.४५ सोडून फारसं काही नाही. सुरुवातीच्या कोट्यात दोनच पिस्तुलं मिळतात. तिसऱ्यासाठी स्पर्धांमधला सहभाग दाखवून वेगळी गरज सिद्ध करावी लागते. त्या दोनांतली एक जागा एकाच प्रकारापुरत्या काडतुसाला द्यायची का, हा या निवडीतला सगळ्यात अवघड प्रश्न होता.

फेब्रुवारी २०२४ मध्ये 'झाखकुंडे', म्हणजे शस्त्रज्ञानाची, परीक्षा दिली. क्लबांच्या गटाने दोन शनिवार-रविवार घेतलेला वर्ग, परीक्षेसह खर्च दीडशे युरोच्या घरात. लेखी, हाताळणी आणि प्रत्यक्ष शूटिंग असे तीन भाग. प्रश्नसंच सरकारनेच प्रसिद्ध केलेला आहे, फुकट उतरवून घेता येतो. कायद्याची जर्मन भाषा जड आहे. मी प्रत्येक प्रश्नाखाली मराठीत एक ओळ लिहून तयारी केली, घोकंपट्टीपेक्षा ते उपयोगी पडलं. हाताळणीत परीक्षक हत्यार हातात देतो तेव्हा पहिली कृती ठरलेली: नळी सुरक्षित दिशेला, मॅगझीन बाहेर, बोल्ट मागे, आणि चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, डोळ्याने व बोटाने तपासणं. बाकी उत्तर कितीही चांगलं असो, इथे चुकलात तर नापास.

उन्हाळ्यात निर्णय झाला, आणि तो एका कायदेशीर तरतुदीने सोपा केला. जीएसपी किंवा पार्दिनीसारख्या स्पर्धेच्या पिस्तुलांना बदली संच मिळतो: वेगळी नळी, बोल्ट आणि मॅगझीन. सांगाडा, मूठ आणि हाताची सवय तीच. परवान्यावर नोंदलेल्या पिस्तुलासाठी त्याच किंवा त्याहून लहान कॅलिबरचा बदली संच घ्यायला आधी नव्या नोंदीची मंजुरी लागत नाही. घेतल्यावर कळवून परवान्यावर चढवून घ्यायचा, बस्स. कोट्यातली जागाही तो खात नाही. उलट, मूळ पिस्तूल .२२ चं असेल आणि नंतर .३२ चा संच हवा असेल तर तो मोठ्या कॅलिबरचा ठरतो आणि दाखल्यासह सगळी प्रक्रिया पुन्हा करावी लागते. म्हणून मूळ नोंद .३२ ची करायची आणि .२२ चा संच मागून घ्यायचा. एका जागेत २.४५ ही झालं आणि .२२ चं २५ मीटर पिस्तूलही. कोट्यातली दुसरी जागा मोकळी राहिली. .३२ घेणाऱ्यांना माझा पहिला सल्ला हाच.

ऑक्टोबर २०२४ मध्ये क्लबाच्या अध्यक्षांच्या सहीने अर्ज राज्य संघटनेकडे गेला. सोबत सरावाच्या नोंदी, परीक्षेचं प्रमाणपत्र आणि प्रक्रिया शुल्काची पावती. अर्जात 'सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल, .३२ एस अँड डब्ल्यू लाँग डब्ल्यूसी, २.४५' असं लिहिलं. नुसतं '.३२' लिहिलं तर अर्ज परत येतो, कारण त्या नावाखाली दोन-तीन काडतुसं येतात. महिन्याभराने दाखला आला.

नोव्हेंबरात जिल्हा कार्यालयाच्या शस्त्र विभागात अर्ज दिला: दाखला, परीक्षेचं प्रमाणपत्र, पासपोर्ट, वास्तव्याचा परवाना आणि तिजोरीचा पुरावा. तिजोरी आधीच घ्यावी लागते. 'डीआयएन ईएन ११४३-१' मानकाची किमान शून्य दर्जाची हवी. २०० किलोच्या आतली असेल तर तीत पाच पिस्तुलांपर्यंत ठेवता येतात, जास्त वजनाची असेल तर दहा. काडतुसंही त्यातच चालतात. मला घरपोच साडेपाचशे युरोच्या आसपास पडली. कुलूप अंकांचं घ्या, किल्लीचं नको. ऑगस्ट २०२३ मध्ये म्युन्स्टरच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने सांगितलं की किल्लीसुद्धा तिजोरीच्याच दर्जाच्या कपाटात ठेवायला हवी. म्हणजे किल्लीसाठी दुसरी तिजोरी! पुरावा म्हणून बिल आणि दाराच्या आतल्या पाटीचा फोटो जोडला. भाड्याच्या घरात जमिनीची भारक्षमता घरमालकाला विचारून घ्यावी.

मग वाट पाहणं. पोलीस, न्यायालयीन नोंदवही आणि गुप्तवार्ता विभागाकडून अर्जदाराची चौकशी होते. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस लागू झालेल्या बदलांनी त्यात केंद्रीय पोलीस आणि सीमाशुल्क तपास खात्याची भर पडली, आणि कार्यालयांनाही नवीन पद्धत बसवायला वेळ लागत होता. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. परक्या देशात आपल्याबद्दल इतकी खाती माहिती मागवताहेत हे कळल्यावर पोटात गोळा येतो, काही वावगं केलेलं नसतानाही. एवढंच सांगते की दर आठवड्याला फोन करून काही हलत नाही. एकदा ई-मेल करून सगळी कागदपत्रं पोचल्याची खात्री करून घ्यावी आणि सराव चालू ठेवावा. या काळातल्या नोंदीही पुढे लागतात.

फेब्रुवारी २०२५ मध्ये हिरवं कार्ड आलं, म्हणजे 'वाफेनबेझिट्सकार्टं'. त्यावर .३२ ची आगाऊ नोंद होती. ही नोंद एक वर्ष टिकते, तेवढ्यात पिस्तूल घ्यायचं. कार्ड हातात आल्यावर काउंटरवरच काडतूस खरेदीचा शिक्का पाहा. तो त्या ओळीवर नसेल तर पिस्तूल घरी ठेवता येतं, पण काडतुसं घरी आणता येत नाहीत. .२२ चा संच चढवताना त्याचा शिक्काही वेगळा मागून घ्यावा लागतो. शुल्क गावागावात बदलतं. मला शंभर युरोच्या आत पडलं.

पिस्तूल मार्चमध्ये घेतलं, जुनं जीएसपी, नऊशे युरोच्या जवळपास. नवीन पार्दिनी दोन हजारांच्या पुढे जातं. जुनं .३२ घेताना काय पाहायचं? मॅगझीनचे ओठ वाकलेले नसावेत. नवीन मॅगझीन महाग असतं आणि अडकण्याचं मूळ बहुतेकदा तिथेच सापडतं. बोल्टवर एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामी पुंगळी बाहेर ओढणाऱ्या नखाच्या) खाचेजवळ बारीक तडा आहे का ते भिंगाने पाहा. बोल्ट मागे येऊन ज्यावर आदळतो ते बफर कडक झालेलं किंवा चिरलेलं असेल तर लगेच बदला. किंमत किरकोळ, पण दुर्लक्ष केलं तर धातू धातूवर आदळून सांगाडा खराब होतो. लाकडी मूठ आपल्या मापाची आहे का, हेही बघा. आणि ट्रिगरचं वजन विचारा. सेंटर-फायरला पूर्वी किमान १३६० ग्रॅमचा नियम होता, त्यामुळे जुन्या .३२ जीएसपीत बऱ्याचदा तोच ट्रिगर-संच असतो. तो आजही नियमात बसतो, पण ३६० ग्रॅमचं ओझं विनाकारण. १००० ग्रॅमचा ट्रिगर-संच बसवून घेता येतो.

खरेदीनंतर दोन आठवड्यांत कार्यालयाला कळवणं बंधनकारक आहे. घरी नेताना पिस्तूल रिकामं, कुलूपबंद पेटीत. कार्ड आणि ओळखपत्र सोबत.

काडतुसं निवडायला एप्रिल-मे गेले. .३२ वॉडकटर बनवणारे थोडेच: लापुआ, फियोकी, सेलिए अँड बेलो ही सहज सापडणारी नावं. प्रत्येकाचं एकेक खोकं घ्या, पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवून २५ मीटरवर दहा-दहा शॉट्सचे गट मारा आणि खोक्यावरचा लॉट क्रमांक गटाशेजारी लिहा. महाग काडतूस प्रत्येक नळीला जमतंच असं नाही. जो लॉट जमला त्याची वर्षभराची बेगमी त्याच दिवशी करा, कारण हा माल दुकानात कधी असतो, कधी तीन-चार महिने नसतो. ९ मिमीची अशी ओढ सहसा पडत नाही.

किंमतही उघड सांगते. पन्नासचं खोकं मला ब्रँडनुसार २८ ते ३६ युरोला पडलं, ९ मिमी १५ च्या आसपास, .२२ सहाच्या. साठ स्पर्धेचे आणि दहा सरावाचे, असे सत्तर शॉट्स धरले तर .३२ ला साधारण ४५ युरो, ९ मिमीला २१, .२२ ला साडेआठ. एवढ्या महाग काडतुसाने रोजचा सराव परवडत नाही. म्हणून उन्हाळ्यात .२२ चा संच चढवून घेतला, साडेचारशे युरोला. आता बहुतेक सराव त्याने होतो. संच बदलल्यावर साइट पुन्हा लावाव्या लागतात. दोन्हीचे क्लिक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेत.

स्वतः काडतुसं भरणाऱ्यांना .३२ स्वस्त पडतं, पण त्यासाठी स्फोटक कायद्याखालचा वेगळा परवाना आणि वेगळा अभ्यासवर्ग लागतो. मी तो केलेला नाही. करणाऱ्यांनी दोन धोके ध्यानात ठेवावेत. वॉडकटरला दारू इतकी थोडी लागते की चुकून दोनदा भरली तरी पुंगळीतून बाहेर सांडत नाही, म्हणून प्रत्येक पुंगळीत दिव्याखाली डोकावून पाहायचं. आणि पोकळ बुडाच्या गोळीला जास्त दारू दिली तर बुडाची पातळ कड तुटून नळीत राहू शकते.

अडकण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण .३२ सोडून देणारे बहुतेक याच कारणाने सोडतात. कडवाली पुंगळी रिव्हॉल्व्हरसाठी जन्मली. सेमी-ऑटोमॅटिकच्या मॅगझीनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे असायला हवी. ती मागे राहिली तर बोल्ट वरचं काडतूस ढकलतो तेव्हा दोन्ही कडा एकमेकींत अडकतात. मॅगझीन भरताना प्रत्येक काडतूस मागेपर्यंत सरकवा आणि पाच भरून झाल्यावर कडांची उतरंड बाजूने नजरेखालून घाला. सवय झाली की हे दहा सेकंदांचं काम. दुसरं कारण मेण. शिशाच्या गोळीवरचं वंगण तापून चेंबरच्या तोंडाशी, एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली आणि मॅगझीनच्या आत थर धरतं. त्यात दारूची काजळी मिसळली की चेंबर किंचित अरुंद होतं आणि काडतूस शेवटचा मिलिमीटर आत जायला नकार देतं. दोनशे शॉट्सच्या आत चेंबर पितळी ब्रशने आणि एक्स्ट्रॅक्टर दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ केला तर हा त्रास होत नाही. मॅगझीन पुसून कोरडं ठेवा, तेल लावलंत तर मेण आणखी चिकटतं. तिसरं कारण स्प्रिंग. .३२ चा दाब कमी असल्याने बोल्ट मागे फेकायला ताकद बेताचीच असते. स्प्रिंग जास्त कडक असेल किंवा काडतूस कमी वेगाचं असेल तर रिकामी पुंगळी अर्धवट बाहेर येऊन दारात अडकते. ब्रँड बदलल्यावर अडकणं सुरू झालं तर पिस्तुलाला दोष देण्याआधी जुना ब्रँड लावून बघा.

एक गोष्ट सुरक्षिततेची. शॉटचा आवाज नेहमीपेक्षा दबका आला आणि कागदावर भोक दिसलं नाही तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि तिच्यामागून दुसरी गेली तर नळी फुगते. मॅगझीन काढा, बोल्ट मागे करा, देखरेख करणाऱ्याला बोलवा. वेगाच्या फेरीत हात आपोआप पुढच्या शॉटला जातो, म्हणून आवाजाकडे कान ठेवायची सवय सरावातच लावून घ्या.

रेंजबद्दलही विचारून घ्या. प्रत्येक रेंजच्या मंजुरीत कमाल ऊर्जा किंवा चालणारी कॅलिबरं लिहिलेली असतात. .३२ वॉडकटरची ऊर्जा सुमारे १७० ज्यूल येते, ९ मिमीची ४९० च्या जवळ. .२२ साठीच्या काही रेंजवर .३२ ला जागा मिळू शकते, पण भिंतीवरची पाटी वाचून आणि विचारूनच, अंदाजाने नाही.

भारतात परत जायचा विचार असलेल्यांनी हे पिस्तूल सोबत नेता येईल असं गृहीत धरू नये. इथे विकावं लागलं तर .३२ ला गिऱ्हाईक सावकाश मिळतं. मात्र .२२ च्या संचासह असेल तर लवकर, कारण नुसत्या .२२ साठीही लोक ते घेतात.

कार्ड मिळालं म्हणून नोंदवही बंद करू नका. पहिल्या नोंदीनंतर पाच आणि दहा वर्षांनी गरज पुन्हा तपासली जाते. तेव्हा आधीच्या २४ महिन्यांचा सराव दाखवावा लागतो: दर तिमाहीत किमान एकदा किंवा दर बारा महिन्यांत किमान सहा वेळा, आणि तोही स्वतःच्या हत्याराने. .२२ चा संच लावून केलेला सराव त्या पिस्तुलाच्या नावावर कसा लिहायचा हे क्लबाच्या नोंद ठेवणाऱ्यांना आधीच विचारून घ्या. मी वहीत पिस्तुलाचा क्रमांक आणि त्या दिवशी लावलेला संच, दोन्ही एकाच ओळीत लिहिते.